फिल्टरखोलीतलं मांजर

१

पाण्याला खोकला होत नाही, एवढं डॉक्टरीणबाईंना नक्की ठाऊक होतं. उभा जन्म त्यांनी लोकांचे नाक, कान, घसे तपासण्यात घालवला होता. पण त्या सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत अख्खा तलाव खोकला.

पोहून झाल्यावर त्या काठावरच्या बाकावर बसून टॉवेलाच्या टोकाने कान पुसत होत्या. उथळ बाजूच्या भिंतीत ओळीने भोकं आहेत, त्यांतून फिल्टरमधलं स्वच्छ पाणी तलावात येतं. त्या भोकांतून एकदम भकाभक बुडबुडे आले. पिवळट, हिरवट. ते वर येऊन फुटले आणि पाण्यावर एक ढग पसरला. त्या ढगात शिकाऊ पोरं होती.

शिट्टीमास्तर पोरांना पोहायला शिकवत. त्यांच्या तोंडातली शिट्टी झोपेतसुद्धा सुटत नाही, असं त्यांची बायको सांगायची. ती शिट्टी त्यांच्या तोंडातून गळून पडली. आया किंचाळल्या. डॉक्टरीणबाई ओल्या टॉवेलाने नाक दाबून, या वयात, पुन्हा पाण्यात उतरल्या. दोघी-तिघींनी आणि मास्तरांनी मिळून पोरं ओढून काढली. ढग आला तसा विरला. पुन्हा एक बुडबुडा म्हणून उठला नाही.

सगळ्यात शेवटी मासोळी हाती लागली. डॉक्टरीणबाईंच्या धाकट्या बहिणीची नात. पोरगी पाण्यातच जन्मली असावी अशी पोहायची, म्हणून हे नाव. तिचे ओठ निळे पडले होते आणि छातीतून फाटक्या भात्यासारखा आवाज येत होता.

तेवढ्यात फिल्टरखोलीच्या बाजूने धाकटी धावत आली. नातीला पाहून तिचे डोळेच पांढरे झाले. पुढच्या क्षणी गेटकडून खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन वाळूशेठ आला.

वाळूशेठ म्हणजे फिल्टर सांभाळणारा माणूस. त्याच्या खिशात, कानात, डब्यात, म्हणे स्वप्नातसुद्धा फिल्टरची वाळू असायची. धाकटीने त्याची गचांडी धरली.

"काय ओतलंस रे पाण्यात? बोल! काय ओतलंस?"

पोतं खाली पडलं. वाळूशेठने पोरीकडे पाहिलं, फिल्टरखोलीच्या दाराकडे पाहिलं, मग धाकटीकडे पाहिलं. त्याचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला. आणि ज्याला गप्प करायला एरवी दोन माणसं कमी पडत, त्या वाळूशेठने तोंड मिटलं ते मिटलंच.

२

"संध्याकाळी कमिटी बसेल आणि मग पोलीस," क्लबचे मॅनेजरसाहेब म्हणाले. त्यांनी वाळूशेठला टॉवेल ठेवायच्या खोलीत कोंडून किल्ली खिशात टाकली होती. "सकाळी पिंपं त्यानेच भरली. क्लोरीनच्या पिंपात ॲसिड ओतलं असणार. दुसरं काय?"

"ढग आला तेव्हा तो कुठे होता?"

"माझ्याबरोबरच, गेटवर. नव्या वाळूचा ट्रक आला होता. ड्रायव्हरशी हुज्जत घालता घालता माझ्या घशाला कोरड पडली, मॅडम. पण चूक आधीच झालेली असणार ना!"

हॉस्पिटलमधून धाकटीचा फोन येऊन गेला होता. मासोळीला प्राणवायू लावला होता. बाकीची पोरं खोकून खोकून घरी गेली होती. फोनवर धाकटी एवढंच म्हणाली होती, "ताई, त्या माणसाला सोडायचं नाही. त्याला जेलमध्ये पाहिल्याशिवाय मी पाणी पिणार नाही." धाकटीचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ, हे मॅनेजरांनाही माहीत होतं.

डॉक्टरीणबाई फिल्टरखोलीकडे निघाल्या. खापर वाळूशेठवर फुटतंय याची त्यांना फिकीर होतीच, पण त्याहून मोठी काळजी दुसरी होती. ढग कशामुळे आला हे कळलं नाही, तर तो पुन्हा येणार होता.

दाराला कुलूप नव्हतंच, नुसती कडी. आत वाळूची मोठी ढेरपोटी टाकी, तिच्या डोक्यावर गोल दांडा, शेजारी पंप. पंप आता थंड होता, कारण ढग पाहताच मॅनेजरांनी मेन स्विच पाडला होता. कोपऱ्यात दोन निळी पिंपं, एक क्लोरीनचं, एक ॲसिडचं. दोन्हींतून बारीक नळ्या निघून मोठ्या पाइपात शिरलेल्या.

बाईंनी नाकाला रुमाल लावून क्लोरीनच्या पिंपाचं झाकण वर केलं. रोजचा वास. ॲसिडच्या पिंपाचं उचललं. तोही रोजचाच.

मग पिंपांच्या मधल्या फटीतून कुणीतरी त्यांच्याकडे पाहिलं.

करडी मांजर होती. कुशीत चार पिल्लं लुचत होती. मांजरीने बाईंना नखशिखांत न्याहाळलं, जांभई दिली आणि पुन्हा डोळे मिटले.

 डॉक्टरीणबाई तशाच मागे फिरल्या आणि मॅनेजरांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, मांजर जिवंत आहे."

"अं?"

"पिंपात चुकीचं काही ओतलं असतं, तर विषारी वाफ आधी त्या पिंपातून निघाली असती. खोली भरली असती. ती मांजर आणि तिची चिमणी पिल्लं तिथेच आडवी झाली असती. खोलीत काही झालंच नाही. जे झालं, ते पाइपाच्या पोटात झालं."

"मांजरं भारी चिवट असतात हो," मॅनेजर कसंबसं म्हणाले.

"एका दिवसाची पिल्लं नसतात चिवट," बाई म्हणाल्या. "किल्ली द्या इकडे."

३

वाळूशेठ टॉवेलांच्या ढिगाऱ्यावर बसला होता, राजाने गादीवर बसावं तसा. फक्त राज्य गेलेल्या राजासारखा.

"पोरगी कशी आहे?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"झुंजतेय. तू मला एक सांग. दर आठवड्याला तू घंटा वाजवून सगळ्यांना पाण्याबाहेर काढतोस. ते कशासाठी?"

"बॅकवॉशसाठी." फिल्टरचं नाव निघताच त्याची जीभ जरा सैल झाली. "आठवडाभर तलावाचं पाणी वाळूतून जातं, घाण वाळूत अडकते. मग मी पाणी उलटं सोडतो, खालून वर. वाळू उकळत्या भातासारखी फुगते आणि घाण गटारात जाते. काचेच्या नळीत पाणी आधी चहासारखं दिसतं, मग निवळतं. गेल्या खेपेला इतके केस निघाले, बाई, की एका टकल्याला पुरले असते."

"आणि त्या वेळी पंप बंद करतोस?"

"टाकीवरचा गोल दांडा फिरवायच्या आधी बंद करावाच लागतो. पण आधी औषध, मग पंप. क्लोरीन, ॲसिड, दोन्ही बटणं आधी बंद, मग पंपाचा लाल दांडा खाली. चालू करताना आधी पंप, मग औषध. आमच्या इथे ती बटणं वेगवेगळी आहेत ना. मी साहेबांना किती वेळा म्हटलं, एकत्र करून घ्या. उलटं केलं, तर पाणी थांबतं आणि औषध मात्र…"

तो एकदम थांबला. चटका बसल्यासारखा.

"औषध मात्र टपकतच राहतं," बाई सावकाश म्हणाल्या. "थांबलेल्या पाण्यात. क्लोरीनच्या अंगावर ॲसिड. पाइपातल्या पाइपात वाफ साठते. मग कुणी पंप चालू केला, की सगळी एका दमात पोरांच्या तोंडावर. म्हणून ढग एकदाच आला आणि गेला."

वाळूशेठ टॉवेलाचे धागे उपटत राहिला.

"आज घंटा वाजली नाही. तू गेटवर होतास. म्हणजे तुझ्यामागे कुणीतरी आत जाऊन नुसता लाल दांडा खाली केला आणि थोड्या वेळाने वर केला. तो दांडा कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही." प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं. "मलाच. मीच केला बंद."

"गेटवरून? हात आहे की अजगर?"

"मीच केला म्हणतो ना! लिहून घ्या आणि द्या मला पोलिसांत!" त्याचे डोळे भरून आले होते. "आणि डॉक्टरीणबाई, पाया पडतो, आणखी खोदू नका."

बाईंना धक्का बसला तो याचा. माणूस शिक्षेला घाबरत नव्हता. तो त्यांनाच घाबरत होता.

४

पंप बंद पडला तर कुणाचं भलं होतं? बाईंना पहिलं नाव सुचलं ते शिट्टीमास्तरांचं. वाळूशेठशी त्यांचं गेला महिनाभर वाजत होतं. भोकांतून येणाऱ्या धारेमुळे पोरं तिरकी पोहतात, अशी त्यांची कुरकुर होती.

मास्तर रिकाम्या काठावर उकिडवे बसले होते. शिट्टी हातात होती.

"मास्तर, आज पाण्याला धार होती का?"

मास्तर दचकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे नव्हती."

"नव्हती." मास्तरांनी पाण्याकडे बोट केलं. "तो तरंगत्या चेंडूंचा दोर आहे ना, तो एरवी खोल बाजूला पोट काढून असतो. आज दोर ताठ सरळ. पाणी कसं शहाण्या पोरासारखं उभं होतं. मला वाटलं, वाळूशेठने ऐकलं एकदाचं! म्हटलं, संधी साधा, आणि सगळ्या पोरांना एकदम पाण्यात उतरवलं. त्या भिंतीजवळ. मीच उतरवलं हो!"

"तुम्ही कुणाला पंप बंद करायला सांगितलं नव्हतं?"

"आईशप्पथ नाही. मी काठावरून पाऊलभर हललो नाही. सगळ्या आयांना विचारा, माझ्या ओरडण्याने त्यांचे कान किटले होते. घंटा न होता पाणी थांबलं हे मला कळलं होतं, डॉक्टरीणबाई. मी खूश झालो आणि गप्प बसलो. एवढंच."

मास्तर काठावर, मॅनेजर आणि वाळूशेठ गेटवर. आया बाकांवर, बाईंच्याच डोळ्यांसमोर. मग आत गेलं कोण? भूत?

तेवढ्यात पाणी तपासायला आलेला अधिकारी म्हणाला, तासाभराने औषध बंद ठेवून नुसता पंप चालवा, पाइप धुऊन निघू दे. बाईंनी मान डोलावली आणि तोवर हॉस्पिटलला जाऊन यायचं ठरवलं. धाकटी त्या वेळी फिल्टरखोलीच्या शेजारीच होती. कुणी आत गेलेलं तिच्या कानावर आलं असेल, तर तेवढाच धागा.

५

धाकटी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसली होती. काचेपलीकडे मासोळी तोंडावर मास्क लावून झोपली होती.

"आला का तो जेलात?"

"अजून नाही. तू मला सकाळचं सांग. नीट आठवून."

"काय आठवायचं? मी माझ्या खोलीत होते." धाकटी श्वासाचे वर्ग घ्यायची. हळू श्वास घ्या, हळू सोडा, डोकं शांत होतं, असं शिकवायची आणि शिष्यांसाठी आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. तिची खोली फिल्टरखोलीला चिकटून, मधे एकच भिंत. "आजचा धडा रेकॉर्ड करत होते. इतका सुंदर झाला गं, ताई! माझा श्वास मलाच ऐकू येत होता. मागे भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतंय, म्हटलं, असू दे, छान वाटतं. धडा संपला, बाहेर आले, आणि…" तिने पदर तोंडात कोंबला. "जगाला श्वास घ्यायला शिकवते मी! आणि माझ्या पोरीला श्वास मिळेना!"

"शेजारच्या खोलीत कुणी गेल्याचा आवाज?"

"कुणीसुद्धा नाही. पाऊल वाजलं असतं तरी कळलं असतं मला."

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या उठल्या. हाती काहीच लागलं नव्हतं.

क्लबात परतून त्या धाकटीच्या खोलीत शिरल्या. दोन चटया, एक खुर्ची, भिंतीवर घड्याळ. टिक, टिक, टिक. पलीकडून मास्तरांनी हाक दिली, "डॉक्टरीणबाई, पंप लावतो हो!"

आणि भिंतीला धाप लागली.

घर्रर्र असा आवाज जमिनीतून निघून टाचांत शिरला. खुर्ची बुटक्या म्हाताऱ्यासारखी थरथरू लागली. खिडकीची तावदानं वाजायला लागली. बाई काहीतरी पुटपुटल्या, ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सेकंदकाटा चालत होता.

टिकटिक ऐकू येत नव्हती.

त्या पुढे झाल्या. घड्याळाला कान लावला. तो कान, ज्याने हजारो लोकांचं ऐकणं तपासलं होतं. काही नाही. नुसती घरघर.

माझा श्वास मलाच ऐकू येत होता.

 डॉक्टरीणबाई चटईवर बसल्या. धाकटीने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पंपाची घरघर चालू असती, तर आजचा धडा सुंदर झालाच नसता. ती शांतता धाकटीने स्वतः करून घेतली होती. आणि धडा संपल्यावर, शहाण्या माणसासारखी, जाता जाता दांडा पुन्हा वर केला होता.

वाळूशेठ कुणासाठी तोंड मिटून बसला होता, ते आता कळलं. धाकटीला मात्र ते अजून माहीतच नव्हतं.

६

सांगावं की सांगू नये? हॉस्पिटलच्या जिन्यावर बाईंनी प्रत्येक पायरीला हा प्रश्न विचारला. न सांगावं, तर एक निरपराध माणूस जेलात जातो, आपल्या मर्जीने, हसत हसत. सांगावं, तर आपली बहीण उरलेलं आयुष्य स्वतःच्या जेलात काढते. आणि ढगाचं खरं कारण दडपलं, तर उद्या दुसराच कुणी शांततेसाठी तोच दांडा ओढेल.

"धाकटे, लाल दांडा तुला कुणी दाखवला?"

"कुठला? हां, तो! वाळूशेठनेच. पूर्वी धड्याच्या वेळी तोच बंद करून द्यायचा. मी दारात उभी असायची. हा लाल दांडा खाली, झालं, आता करा तुमचा धडा, म्हणायचा. आज तो गेटवर होता, म्हणून मीच…"

वाक्य तिथेच तुटलं.

बाईंनी तिला सगळं सांगितलं. थांबलेलं पाणी, टपकणारं औषध, पाइपात साठलेली वाफ. वाळूशेठ तिला बोलवायच्या आधीच औषधाची बटणं बंद करून ठेवत असणार. ती तिने कधी पाहिलीच नव्हती. धाकटी ऐकत होती, पण तिचा चेहरा बहिऱ्या माणसासारखा झाला होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "नाही." पुन्हा म्हणाली, "नाही गं, ताई." आणि मग तिने असा काही आवाज केला, की नर्स धावत आली.

बराच वेळ गेला. धाकटीने तोंड धुतलं, केस सारखे केले आणि मॅनेजरांना फोन लावला.

"कमिटी इथे आणा. त्यालाही आणा. मी पोरीला सोडून हलणार नाही."

ते आले. मॅनेजर, मास्तर, कमिटीची दोन बुजुर्ग माणसं, आणि सगळ्यांच्या मागे वाळूशेठ. मासोळी झोपलेली होती. पलंगाशी उभी राहून धाकटीने सांगितलं, काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. 

"साफ खोटं!" वाळूशेठ ओरडला. "बाईंना धक्का बसलाय, काहीही बरळतायत. मी केलं! मला न्या!"

"तू गेटवर होतास, गाढवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साहेबच साक्षीदार आहेत. आणि साहेब, बटणं एकत्र करा म्हणून हा किती वेळा तुमच्या मागे लागला होता? दाराला कुलूप का नाही? तेही येऊ द्या पोलिसांपुढे."

मॅनेजरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मला का नाही सांगितलंस?" धाकटीने वाळूशेठला विचारलं. "मी तुझी गचांडी धरली, जेलची भाषा केली. एका शब्दाने सुटला असतास."

वाळूशेठने मान खाली घातली. "दांडा मी दाखवला. बटणांचं सांगायचं राहिलं माझ्याकडून. आणि सांगून काय झालं असतं? पोरीच्या उशाशी बसायला तुम्हाला तोंड राहिलं असतं?"

"आता तरी कुठे राहिलंय," धाकटी म्हणाली आणि पलंगाच्या कठड्यावरचा हात तिने काढून घेतला.

"आजी."

मासोळी जागी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. तिने मास्क बोटाने जरासा उचलला होता.

"तो धूर तू केलास?"



"हो," धाकटी म्हणाली. "मी."

"मुद्दाम?"

"नाही गं! मुद्दाम कशी करीन?"

मासोळीने थोडा वेळ श्वास गोळा केला. मग सगळ्यांकडे, एकेकाकडे पाहत, तिने विचारलं, "मग या वाळूकाकांनी केलं असं वाटलं, तेव्हा त्यांना का नाही कुणी विचारलं? मुद्दाम का म्हणून?"

मॅनेजर बुटांकडे बघू लागले. मास्तर खिडकीबाहेर. कमिटीच्या बुजुर्गांना एकदम घशात खवखवू लागलं. डॉक्टरीणबाईसुद्धा पलंगाला अडकवलेला तक्ता वाचू लागल्या.

वाळूशेठच पुढे झाला. त्याने कोपऱ्यातलं स्टूल पायाने पलंगाजवळ सरकवलं आणि धाकटीला म्हणाला, "बसा. आणि तो मास्क खाली करा तिचा, बोलून बोलून दमेल पोरगी."